काउंटेसचा पुरावा आणि माझ्या पत्नीचा

प्रथम दिवस, मग जबाबदार व्यक्ती, मग हकीकत. जन्मभर दिवाणी न्यायालयात वकिली केलेल्या माणसाला दुसऱ्या क्रमाने लिहिता येत नाही.

जूनमधला तिसरा शनिवार: पेनसिल्व्हेनियातील एका चर्चच्या सभागृहात वंशावळीचा कच्चा तक्ता उलगडण्यात आला आणि माझ्या दिवंगत पत्नीच्या जागी दोन अक्षरे छापलेली आढळली. जुलैचा पहिला आठवडा: माझे प्रतिज्ञापत्र नाकारण्यात आले. ऑगस्ट: पुण्याहून उत्तर आले, कागद आला नाही. सप्टेंबरचा शेवट: मी सादर केलेले रुग्णालयाचे एक पान परत आले, सोबत एक प्रश्न. ऑक्टोबरमधला शेवटचा शनिवार अजून यायचा आहे. त्या दिवशी मंडळाची सभा आहे. त्यानंतर तक्ता छपाईला जाईल आणि माझ्या हयातीत पुन्हा निघणार नाही.

जबाबदार व्यक्ती अशा: एक, मंडळाच्या निबंधकबाई. दोन, माझ्या पत्नीच्या माहेरची कुलवृत्तांत समिती व तिचे आजचे चिटणीस, म्हणजे माझे मेहुणे. तीन, माझी मुलगी, जिने फॉर्ममधला एक रकाना कोरा सोडला. तिच्यावरचा आरोप मी पुढे मागे घेणार आहे. चार, मी.

माझे जावई अमेरिकन आहेत आणि त्यांचे मूळ जर्मन आहे. त्यांच्या आईकडून एक रक्तरेषा मागे जाते ती ऱ्हाइनला मिळणाऱ्या एका लहान नदीकाठच्या काउंटपर्यंत, ज्याने बाराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला आणि स्वतःचे नाव किल्ल्याला न देता किल्ल्याचे नाव स्वतःला लावले. पुढे घराणे फुटले. थोरल्या शाखेत मुलगे उरले नाहीत, धाकटीने किल्ला गहाण टाकला, आणि तिच्यातल्या कोणा वंशजाने पीठगिरणी खंडाने चालवायला घेऊन अखेरीस फिलाडेल्फियाचे जहाज धरले. त्याचे वंशज आज अर्ध्या अमेरिकेत पसरले आहेत. त्यांचे एक मंडळ आहे. ते दर उन्हाळ्यात जमते, बटाट्याचे सॅलड खाते आणि टेबलांना टेबले जोडून त्यांवर तक्ता पसरते.

मी पत्नीसह अमेरिकेत पार्सिपनीला मुलीच्या घरी राहायला आलो तेव्हा निवृत्त झालो होतो आणि मला काम नव्हते. हिमकण मोजत बसणे मला जमत नाही. जावयांनी एकदा कौतुकाने तक्ता दाखवला. मी तो अर्धा तास पाहिला आणि विचारले की सहाव्या पिढीतला हा गृहस्थ ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला कॅथलिक पाद्री असेल, तर त्याला औरस मुलगा कसा. जावई हसले आणि म्हणाले, हा प्रश्न मंडळाला विचारा. मी विचारला. पत्राने.

वंशावळ हा माझा धंदा होता. वाटणीच्या दाव्यात पहिली निशाणी, म्हणजे पुराव्याचा पहिला कागद, तीच असते. कोण कोणाचा मुलगा, कोण निपुत्रिक वारला, कोणाला दत्तक घेतले, हे ठरल्याशिवाय जमिनीला हात लागत नाही. शपथेवर खोट्या वंशावळी सांगणारे शेकडो लोक मी उलटतपासात पाहिले होते. तेव्हा ऱ्हाइनकाठचे उमराव मला परके वाटले नाहीत. तेही आमच्या अशिलांसारखेच खोटे बोलत. त्यांच्याकडे मोठ्या चर्चमध्ये मानाची जागा हवी असेल तर सोळा पूर्वज कुलीन असल्याचा पुरावा द्यावा लागे. मग कोणी आजीचे कूळ उंच दाखवी, कोणी व्यापाऱ्याच्या मुलीला सरदारकन्या करी. या घराण्यातल्या एकाने आपल्या बायकोला चक्क शेजारच्या काउंटची कन्या म्हणून लिहून ठेवले होते आणि मंडळ पिढ्यान् पिढ्या ते छापत होते.

मी बारा पानी टिपण लिहिले. त्यातला एक नियम मंडळाने जसाच्या तसा स्वीकारला आणि आपल्या घटनेत घातला. तो असा: विवाहानंतर पतीने किंवा पतीच्या घराण्याने केलेले विधान पत्नीच्या जन्मनावाचा पुरावा मानू नये. पत्नी तिच्या जन्मनावानेच नोंदवावी. त्यासाठी माहेरचा, विवाहापूर्वीचा कागद हवा, अथवा ज्याला त्या नावात काही लाभ नाही अशा तिऱ्हाइताने त्या त्या वेळी केलेली नोंद. यांपैकी काही नसेल तर जागी दोन लॅटिन अक्षरे घालावीत, ‘एन. एन.’, ज्यांचा अर्थ इतकाच की नाव ठाऊक नाही.

निबंधकबाई निवृत्त ग्रंथपाल आहेत. उंच, पांढऱ्या केसांच्या, मऊ आवाजाच्या. त्या दिवसापासून त्या मला ‘काउन्सेलर’ म्हणू लागल्या, जसे इथे वकिलाला म्हणतात. मला ते आवडले. इथे आल्यापासून मला कोणी वकीलसाहेब म्हटले नव्हते. मी सगळ्यांचा काका होतो.

आणि मग काउंटेसचे प्रकरण आले. किल्ला बांधणाऱ्या मूळ पुरुषाची पत्नी तक्त्यावर कायम ‘एन. एन.’ होती. काउंटने एका मठाला द्राक्षमळा दिला, त्या दानपत्रात ‘माझ्या आणि माझ्या पत्नीच्या आत्म्यासाठी’ एवढेच आहे. नाव घालायची त्याला गरज वाटली नाही. मठात मात्र एक पोथी होती. वर्षाच्या प्रत्येक दिवसाखाली त्या दिवशी वारलेल्यांची नावे, म्हणजे त्या तिथीला त्यांच्यासाठी प्रार्थना करता यावी. मला हे समजावून सांगावे लागले नाही. आमच्याकडे याला श्राद्धतिथी म्हणतात. त्या पोथीत नोव्हेंबरातल्या एका दिवसाखाली एक ओळ होती: अमुक नावाची काउंटेस, जिच्याकडून आम्हांला मळा मिळाला. कोणत्या घराण्याची, कोणाची पत्नी, काही नाही. मी दाखवून दिले की त्या मठाकडे त्या काळात दानात आलेला मळा एकच होता, आणि काउंटच्या थोरल्या नातीचे नाव नेमके तेच होते, कारण त्या लोकांत नातीला आजीचे नाव ठेवीत. पतीचे विधान नाही, माहेरचा कागदही नाही, पण तिऱ्हाइताची नोंद आहे. मंडळाने ते मान्य केले. आठशे वर्षे नाव नसलेल्या बाईला नाव मिळाले आणि सभागृहात सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. माझी पत्नी शेजारीच होती. घरी परतताना गाडीत ती म्हणाली, “बिचारीला कोणी तरी लिहून ठेवलं होतं.”

मी म्हणालो, नुसते लिहून ठेवणे पुरत नाही, ते सिद्ध करावे लागते.

दोन वर्षांनी ती गेली.

यंदाच्या तक्त्यात प्रथमच प्रत्येक जावई-सुनेच्या नावाच्या वर बारीक अक्षरात त्यांच्या आईवडिलांची नावे घालायची ठरले. फॉर्म माझ्या मुलीने भरला. जूनमध्ये मी काठी टेकत टेबलांच्या कडेने काउंटपासून निघालो, शतके ओलांडत शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचलो, आणि मुलीच्या नावाच्या वर माझे नाव पाहिले. त्याच्या शेजारी ‘एन. एन.’

मुलीला मी तिथेच विचारले. ती हातात कागदी बशी घेऊन उभी होती.

“बाबा, फॉर्मवर बर्थ नेम विचारलं होतं. मला आईचं तेच नाव माहीत आहे जे सगळ्यांना आहे. आधीचं मला कोणी सांगितलंच नाही.”

“मग मला विचारायचेस.”

“तुम्हांला? तुम्ही म्हणाला असतात, तिचं नाव तेच.”

हे खोटे आहे असे मला म्हणता आले नाही. तिच्यावरचा आरोप मी इथे मागे घेतो.

आमच्याकडची रीत वाचकांना ठाऊक आहे. ताटात तांदूळ पसरायचे आणि वराने अंगठीने त्यांत वधूचे नवे नाव लिहायचे. मग पेढे वाटताना ते नाव पाहुण्यांना सांगायचे. मी माझ्या नावाच्या पहिल्या अक्षराला जुळेल असे नाव निवडले होते. ती शेजारी बसून पाहत होती. तिने ते त्या ताटातच पहिल्यांदा वाचले. पुष्कळ वर्षांनी, मुलगी शाळेत असताना, ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, “मला एकदा विचारलं असतंत.” मी काय विचारायला हवे होते ते मी तेव्हा विचारले नाही.

असो. मी प्रतिज्ञापत्र केले. आयसेलिनला ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानाच्या माडीवर एक गुजराती नोटरी बसतात. त्यांच्यासमोर शपथ घेतली की अमुक जन्मनावाची आणि तमुक विवाहनावाची व्यक्ती एकच होय. असली प्रतिज्ञापत्रे मी शेकड्यांनी लिहिली आहेत. जुलैत निबंधकबाईंचे उत्तर आले. अत्यंत सभ्य. त्यांनी लिहिले होते की पतीचे विवाहोत्तर विधान ग्राह्य धरता येत नाही याचे त्यांना वाईट वाटते, आणि नियम कोणाचा आहे हे त्यांनी मला सांगण्याची गरज नसावी.

शाळेचा दाखला आमच्यापाशी नव्हता. पुणे सोडताना मी सातबाऱ्याचे जुने उतारे, घरपट्टीच्या पावत्या, अशिलांची आभारपत्रे, सगळे बांधून आणले. तिची ट्रंक मात्र तिच्या भावाकडे ठेवली, कारण तिच्यात काही महत्त्वाचे नाही असे मीच म्हटले होते. मेहुण्यांना फोन लावला. ते माझ्याहून बरेच लहान आहेत आणि हसतमुख.

“भाऊजी, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हाच रद्दीवाला बोलावला. ताईच्या ट्रंकेत वह्या होत्या फक्त. कशिदाकामाचे नमुने आणि असलंच काही.”

“दाखला?”

“असेलही. कोण बघतंय.” मग ते हसले. “अहो, आम्ही तर तिला घरी लाडाच्या नावानेच हाक मारायचो. खरं नाव शाळेपुरतं. आणि तुमच्याकडे आल्यावर तुम्ही ठेवलंत ते. आता एवढ्या वर्षांनी जर्मन लोकांना कशाला हवंय?”

मी त्यांना म्हणालो की त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे, आणि तो आमच्या लग्नाच्या आधीचा आहे. त्याचे पान पाठवावे. छापील पुस्तक, माहेरचे, विवाहापूर्वीचे. नियमाला याहून चांगला पुरावा नको. त्यांनी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्यात माझ्या सासऱ्यांचे नाव, शिक्षण, नोकरी, सासूबाईंचे सासरचे नाव, आणि खाली: पुत्र एक, मेहुण्यांचे पूर्ण नाव, तेव्हा ते पाळण्यात असावेत. त्याखाली: कन्या १.

मी मेहुण्यांना पत्र लिहिले, फोन नाही. ते आज त्याच समितीचे चिटणीस आहेत आणि नवी आवृत्ती काढत आहेत. पाळण्यातल्या मुलाला नाव आणि शाळेत जाणाऱ्या मुलीला आकडा, हा कोणता न्याय, असे विचारले. उत्तरात त्यांनी लिहिले की ती तेव्हाची पद्धत होती, तुमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतातही तसेच आहे, आणि तो तर तुम्हीच संपादित केला होता.

तेही खरे आहे. मी कपाटातून आमचा कुलवृत्तांत काढला. माझ्या नावाखाली माझी पत्नी, मी ठेवलेल्या नावाने. तिच्या वडिलांचे नाव, गाव, गोत्र. जन्मनावाला रकानाच नव्हता. रकाने मी आखले होते.

आता ज्या कागदाबद्दल लिहायचे मी लांबवत आलो आहे, त्याकडे येतो.

पत्नी गेल्यावर मी रुग्णालयाकडून तिची संपूर्ण नोंदवही मागवली होती. मला त्यांची चूक शोधायची होती. चूक सापडली नाही, पण एक पान सापडले आणि मी ते फाइलीत घालून फाइल बंद केली. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा उघडली.

इथल्या रुग्णालयात औषध देण्यापूर्वी परिचारिका दर वेळी रुग्णाला नाव आणि जन्मतारीख विचारते आणि मनगटावरच्या पट्ट्याशी ताडून पाहते. दिवसातून दहा वेळा. शेवटच्या आठवड्यातली एक सकाळ होती, सात वाजता पाळी बदलली होती, खिडकीतून पार्किंगवर ऊन आले होते. नवी परिचारिका आली, गोळ्यांचा कागदी पेला हातात, आणि नेहमीचा प्रश्न विचारला. माझ्या पत्नीने उत्तर दिले. तिने तिचे जन्मनाव सांगितले. वडिलांच्या नावासह, आडनावासह, शाळेत हजेरीला सांगावे तसे. मग जन्मतारीख सांगितली, अचूक.

परिचारिकेने पट्टा पाहिला. पुन्हा विचारले. पत्नीने पुन्हा तेच सांगितले.

मी खुर्चीतून उठलो आणि इंग्रजीत म्हणालो, “ते तिचे नाव नाही.”

पत्नीने माझ्याकडे पाहिले. ती भ्रमात नव्हती. भ्रमातला माणूस कसा पाहतो ते मला माहीत आहे. ती म्हणाली, “बरं. तुम्ही म्हणाल ते.” आणि परिचारिकेला पट्ट्यावरचे नाव सांगितले. पट्टा जुळला. गोळी मिळाली.

मी कायद्याने बरोबर होतो. औषध चुकीच्या माणसाला जाऊ नये म्हणून तो प्रश्न असतो, आणि पट्ट्यावर जे असते ते नाव. त्या क्षणी मी हेच स्वतःला सांगितले. नंतर तिने कोणालाही ते नाव सांगितले नाही.

नोंदवहीच्या त्या पानावर परिचारिकेने लिहून ठेवले आहे: रुग्णाने स्वतःचे नाव असे सांगितले, आणि पुढे इंग्रजी अक्षरांत ते नाव, एकही अक्षर न चुकवता. जन्मतारीख बरोबर. पतीने नाव दुरुस्त केले. रुग्णास स्वतःच्या ओळखीबाबत संभ्रम.

मी ते पान मंडळाकडे पाठवले आणि सोबत लिहिले की ही तिऱ्हाइताने त्या त्या वेळी केलेली नोंद होय. या बाईंना माझ्या पत्नीच्या नावात कसलाही लाभ नव्हता. त्यांनी तिला आधी कधी पाहिलेही नव्हते. मठातल्या पोथीला जो नियम लागला तोच इथे लागतो.

पान परत आले. निबंधकबाईंनी या वेळी हाताने लिहिले होते. त्यांनी लिहिले, काउन्सेलर, तुमच्या पत्नी मला आठवतात, त्या माझ्याशी फार चांगल्या वागत. मग प्रश्न: पतीने त्या नोंदीतच म्हटले आहे की हे तिचे नाव नाही, नोटरीसमोर पतीने म्हटले आहे की हेच तिचे नाव. पतीचे कोणते विधान खोटे समजावे?

उलटतपासात मी कोणालाही यापेक्षा चांगला प्रश्न विचारलेला नाही. मी तो दोन आठवडे टेबलावर ठेवला. मुलगी म्हणाली, “बाबा, हा फक्त एक चार्ट आहे. तुम्ही त्याची केस केलीत.” मी तिला परिचारिकेचे पान दाखवले. तिने ते उभ्यानेच वाचले. मग ते नाव तिने हळू, मोठ्याने उच्चारले, अनोळखी नाव उच्चारावे तसे, आणि पुन्हा एकदा, नीट. मग ती म्हणाली, “शी न्यू. आईला सगळं कळत होतं.” आणि वर निघून गेली. गेला आठवडाभर ती माझ्याशी जेवणापुरतेच बोलते.

तेव्हा माझे उत्तर मी इथे, सर्वांसमोर देतो. रुग्णालयातले माझे विधान खोटे होते. ते नाव तिचे होते, मला ते ठाऊक होते, आणि मी ते नाकारले. तिच्या बाबतीत ‘संभ्रम’ हा शब्द माझ्या साक्षीवरून लिहिला गेला. ती साक्ष मी मागे घेतो. हे शपथेवर लिहून देण्यासाठी मी सभेच्या आधीच्या शनिवारी पुन्हा ओक ट्री रोडला जाणार आहे. ते नाव मी या मजकुरात छापत नाही. एकदा मी तिला न विचारता तिचे नाव लिहिले आहे. आता ते तिथे छापले जाऊ दे जिथे दुसऱ्या कोणीतरी, तिच्या तोंडून ऐकून, ते लिहून ठेवले म्हणून छापावे लागेल.

पतीची दोन्ही विधाने वगळली की उरते काय? एक स्त्री, जी पूर्ण शुद्धीत आपले नाव आणि जन्मतारीख सांगते, आणि एक तिऱ्हाईत, जी ते ऐकून लिहिते. काउंटेसच्या बाबतीत तर मंडळाकडे एवढेही नव्हते. त्या पोथी लिहिणाऱ्या साधूने तिला तिचे नाव विचारले होते काय? तिची जन्मतारीख ताडून पाहिली होती काय? तिच्या उशाशी तिचा पती उभा राहून काय म्हणाला, हे कोणाला माहीत आहे? आम्ही तिला संशयाचा फायदा दिला, टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत माझी पत्नीही होती.

माझ्या मेहुण्यांनीही नव्या आवृत्तीत ‘कन्या १’ च्या जागी काय छापणार, हे त्यांच्या समितीच्या वार्षिक सभेत उभे राहून सांगावे. पण माझी पहिली मागणी मंडळाकडे आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मी त्या सभागृहात शेवटच्या टेबलापाशी उभा असेन. निबंधकबाईंनी पत्राने नव्हे, हाताने लिहून नव्हे, तर तक्ता छपाईला जाण्यापूर्वी सर्व सभासदांसमोर मोठ्याने उत्तर द्यावे: मठातल्या साधूचे ऐकले, तर परिचारिकेचे का नाही?